हा आकडा नक्की कुणाचा? ड्रायव्हर ३२ बिटवरून ६४ बिटवर नेताना

गेले काही महिने आमच्याकडे एक जुना लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा कोड, ३२ बिट आर्म प्रोसेसरवरून ६४ बिट आर्मवर न्यायचं काम चाललंय. पीसीआयई स्लॉटमध्ये बसणारं डेटा गोळा करणारं कार्ड, आत एफपीजीए (प्रोग्रॅम करता येणारी चिप), डीएमए इंजिन (सीपीयूला मधे न घेता थेट रॅममध्ये डेटा लिहिणारं), टेम्परेचर सेन्सर, आणि वरून ग्राहकाचं ॲप्लिकेशन आयओसीटीएलने, म्हणजे ड्रायव्हरला कमांड द्यायच्या सिस्टिम कॉलने, त्याच्याशी बोलतं. ड्रायव्हर एका व्हेंडरकडून आलेला, जुन्या बोर्डावर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला. नवीन बोर्डासाठी कंपाइल करताना भरपूर वॉर्निंग आल्या, त्या तिकडेच कुणीतरी कास्ट (हा आकडा अमुक टाइपचाच समज असं कंपायलरला जबरदस्तीने सांगणं) टाकून टाकून गप्प केल्या, आणि मग तो आमच्याकडे आला. लोड होतो, डेटा येतो, सगळं छान. आणि बोर्ड चालू करून पाच मिनिटं झाली की प्रत्येक कमांडला टाइमआउट, म्हणजे कार्ड उत्तर देतंय, लॉजिक ॲनलायझरवर उत्तर दिसतंय, पण ड्रायव्हर म्हणतो वेळ संपली.

या पाच मिनिटांपासूनच सुरुवात करते कारण मला हा किस्सा फार आवडतो. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, जिफीज नावाचा काउंटर असतो, टायमरच्या प्रत्येक टिकला एकाने वाढतो. तो शून्यापासून सुरू होत नाही. मुद्दाम अशा आकड्यापासून सुरू केलाय की बूट झाल्यावर पाच मिनिटांनी त्याचे खालचे ३२ बिट भरून पुन्हा शून्यावर येतात. का? तर ३२ बिट मशीनवर सेकंदाला २५० टिक धरले तर हा काउंटर साधारण १९९ दिवसांनी गुंडाळला जातो, १००० टिक धरले तर ४९ दिवसांनी, आणि एवढा वेळ टेस्टिंग कोण करणार, म्हणून कर्नलवाल्यांनी तो प्रसंगच पाच मिनिटांवर आणून ठेवलाय. केवढा शहाणपणा आहे हा! आता ६४ बिट मशीनवर जिफीज हा अनसाइन्ड लाँग म्हणजे ६४ बिटचा, पाच मिनिटांनी तो शून्यावर येत नाही, ३२ बिटची हद्द ओलांडून सरळ पुढे जातो. आमच्या ड्रायव्हरमध्ये डेडलाइन ठेवलेली यू३२ मध्ये, म्हणजे बिनचिन्हाच्या ३२ बिट आकड्यात. पहिली पाच मिनिटं जिफीजचा आकडा ३२ बिटात मावतो म्हणून सगळं बरोबर. नंतर डेडलाइन साठवताना वरचा भाग गळतो, उरतो छोटासा आकडा, आणि आत्ताची वेळ त्याच्या कितीतरी पुढे दिसते, म्हणजे डेडलाइन कायमचीच उलटून गेलेली.

आणि गंमत अशी की कर्नलने हे पकडलं होतं. टाइम_आफ्टर नावाचा जो मॅक्रो आहे तो टाइप तपासतो, अनसाइन्ड लाँग सोडून दुसरं काही दिलं तर कंपायलर कुरकुर करतो. तिथेच अनसाइन्ड लाँगचा कास्ट टाकलेला होता. जुन्या बोर्डावर दोन्ही ३२ बिटचेच, तेव्हा चालून गेलं. फिक्स म्हणाल तर एका शब्दाचा, स्ट्रक्चरमधला यू३२ काढून अनसाइन्ड लाँग, आणि कास्ट डिलीट.

हे काम करता करता माझं एक मत अगदी पक्कं झालंय. ड्रायव्हरमधल्या प्रत्येक इंटिजरला मालक असतो. रजिस्टरमधला आकडा हार्डवेअरचा, तो ३२ बिट असेल तर वर सीपीयू कुठलाही येवो, ३२ बिटच. जिफीज, साइझ, स्पिनलॉक घेताना जपून ठेवायचे इंटरप्ट फ्लॅग्ज हे कर्नलचे, मशीनप्रमाणे बदलतात. डीएमएचा पत्ता बसचा आणि मेमरीच्या नकाशाचा, त्याचा सीपीयूच्या बिटांशी संबंध असेलच असं नाही. आणि आयओसीटीएलच्या स्ट्रक्चरमधला आकडा ॲप्लिकेशनचा, तो एकदा बाहेर गेला की आपल्या हातात राहत नाही. सी मधले इंट आणि लाँग यातलं काहीच सांगत नाहीत, आणि ३२ बिट मशीनवर इंट, लाँग, पॉइंटर तिन्ही ३२ बिट असल्यामुळे कुणाचाही आकडा कुणाच्याही टाइपमध्ये ठेवला तरी खपून जातं. म्हणून मी हल्ली फाइल उघडली की आधी वॉर्निंगकडे बघतच नाही, एकेका व्हेरिएबलवर बोट ठेवून विचारते की हा आकडा कुणाचा.

तसा हा प्रश्न लिनक्सला नवा नाही. १९९५ च्या मार्चमध्ये आलेल्या १.२ मध्येच डेकच्या अल्फा प्रोसेसरचा सपोर्ट होता आणि अल्फा ६४ बिट. तेव्हापासून ठरलेलं आहे की लिनक्समध्ये ६४ बिट मशीनवर इंट ३२ राहणार, लाँग आणि पॉइंटर ६४ होणार. विंडोजने वेगळं ठरवलं, तिथे ६४ बिटवरही लाँग ३२ च, फक्त पॉइंटर मोठा. त्यामुळे दोन्हीकडे शेअर होणाऱ्या हेडर फाइलमध्ये जर रजिस्टरच्या स्ट्रक्चरसाठी लाँग वापरलेला दिसला तर पुढचं काही वाचायच्या आधी तो बदला, कृपा करून. रजिस्टरला यू३२, यू१६, यू८, आणि डिव्हाइसच्या मेमरीत बाइटचा क्रमही ठरलेला असेल तर एलई३२ (लिटल एंडियन, म्हणजे खालचा बाइट आधी). बाकी काही नको.

आता डीएमए. इथे मी जास्त वेळ थांबणार आहे कारण सगळ्यात वाईट बग इथेच होता.

या कार्डाच्या डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे डेटा कुठे लिहायचा ते कार्डाला सांगणाऱ्या नोंदीत, पत्त्यासाठी दोन खाने आहेत, खालचे ३२ बिट आणि वरचे ३२ बिट. म्हणजे हार्डवेअर ६४ बिट पत्ते समजतं. ड्रायव्हरने कर्नलला तसं सांगितलंही होतं, डीएमए मास्क, म्हणजे डिव्हाइस किती बिटांचा पत्ता समजतं ती मर्यादा, ६४ चा लावलेला. पण मिळालेला पत्ता ठेवलेला स्ट्रक्चरमधल्या यू३२ मध्ये, आणि डिस्क्रिप्टरच्या वरच्या खान्यात थेट शून्य लिहिलेला. जुन्या बोर्डाची सगळी रॅम ४ जीबीच्या आत, तेव्हा वरचा भाग नेहमीच शून्य, कुणाला कळणार? नवीन बोर्डावर ८ जीबी. आणि तिचा नकाशा आर्मच्या जुनो बोर्डासारखा आहे, म्हणजे २ जीबी रॅम हेक्समध्ये ८०००-०००० पासून, आणि उरलेली ६ जीबी एकदम वर, ८-८०००-०००० पासून. समजा बफर मिळाला ८-९०००-०००० ला. वरचा ८ गळला, उरलं ९०००-००००. आणि तिथेही रॅमच आहे! पत्त्यातलं गावाचं नाव पुसलं गेलं आणि नुसता घर नंबर राहिला, तर पार्सल दुसऱ्याच गावातल्या त्याच नंबरच्या घरात पडणार, तसं कार्ड निमूटपणे दुसऱ्याच कुणाच्या तरी मेमरीत सॅम्पल लिहीत बसतं. ना एरर, ना ऊप्स (कर्नलचा क्रॅश मेसेज). कधी शेल मरतो, कधी फाइलसिस्टिम रडते, कधी काहीच होत नाही. आणि दोष जातो रॅमवर, पॉवर सप्लायवर, सगळ्यांवर.

अशा वेळी एक साधी युक्ती फार कामाला येते. बूट कमांड लाइनवर मेम=२जी द्यायचं, म्हणजे कर्नल वरची रॅम वापरणारच नाही. बग नाहीसा झाला तर पत्ता कुठेतरी कापला जातोय असं जवळजवळ धरूनच चाला. बोर्डावर आयओएमएमयू (डिव्हाइस मेमरीत कुठे पोचू शकतं ते ठरवणारं हार्डवेअर) असेल तर तो चालू करा, मग कार्डाने चुकीच्या पत्त्यावर लिहायचा प्रयत्न केला की तिथल्या तिथे फॉल्ट येतो आणि लॉगमध्ये तो कापलेला पत्ता अगदी समोर दिसतो.

आता त्यातही आणखी एक भानगड होती. डीएमए_अलॉक_कोहेरंट हे फंक्शन पत्ता परत देण्यासाठी डीएमए_ॲड्रेस_टी कडे बोट दाखवणारा पॉइंटर मागतं. यू३२ चा पॉइंटर दिला तर कर्नलच्या बिल्डमध्ये ती वॉर्निंग नाही, सरळ एरर असते. मग काय केलेलं? पॉइंटरच कास्ट! म्हणजे फंक्शन बिचारं ८ बाइट लिहितं आणि जागा ४ बाइटची. उरलेले ४ बाइट शेजारच्या फील्डमध्ये, जे होतं रिंगचा हेड इंडेक्स. ते फील्ड पुढे दोन ओळींनी शून्य केलं जायचं म्हणून हा घोटाळा कधी दिसलाच नाही, आणि कुणी त्या दोन ओळी वरखाली केल्या असत्या तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

बरं, नुसत्या असाइनमेंटचं बघा. ६४ बिट आकडा यू३२ मध्ये टाकला तर सी काहीही बोलत नाही, भाषेत ते कायदेशीर आहे. डब्ल्यूकन्व्हर्जन नावाची वॉर्निंग आहे, कर्नलमध्ये ती डब्ल्यू=३ ला लागते, पण ती एवढा कचरा ओतते की त्यात खरं काही सापडणं मुश्किल. म्हणून इथे डोळ्यांनीच वाचावं लागतं. डीएमए_मॅप_सिंगल, डीएमए_अलॉक_कोहेरंट, एसजी_डीएमए_ॲड्रेस, या तिघांसाठी ग्रेप करा आणि परत आलेला आकडा शेवटपर्यंत कुठे कुठे जातो ते बघा. प्रत्येक ठिकाणी डीएमए_ॲड्रेस_टी हवा, आणि फक्त डिस्क्रिप्टरमध्ये लिहिताना, अगदी शेवटच्या क्षणी, लोअर_३२_बिट्स आणि अप्पर_३२_बिट्स.

हे अप्पर_३२_बिट्स उघडून बघा एकदा. आत ३२ ने शिफ्ट केलेलंच नाही, १६ ने दोनदा केलंय. कारण डीएमए_ॲड्रेस_टी काही कॉन्फिगरेशनमध्ये ३२ बिटचा असतो, आणि ३२ बिट आकडा ३२ ने शिफ्ट केला तर काय होईल हे सी सांगतच नाही. एक्स८६ वर शिफ्टचा आकडा ५ बिटांपुरताच बघितला जातो म्हणून ३२ म्हणजे शून्य, आकडा होता तसाच राहतो. ३२ बिट आर्मवर रजिस्टरने शिफ्ट केलं तर उत्तर शून्य येतं. एकच ओळ, दोन मशीन, दोन उत्तरं, आणि कंपायलरने ऑप्टिमाइझ करताना आणखी तिसरं काही केलं तरी त्याला दोष देता येत नाही. १६ ने दोनदा केलं की दोन्हीकडे बरोबर.

आणि कुणी म्हणेल की सीपीयू ३२ बिट असेल तर डीएमए पत्ता ३२ बिटच ना. नाही. कॉर्टेक्स ए१५ आणि ए७ मध्ये एलपीएई आहे, सीपीयू ३२ बिट पण फिजिकल पत्ता ४० बिट. टीआयच्या कीस्टोन २ मध्ये तर मुख्य रॅमच ४ जीबीच्या वर, हेक्समध्ये ८-००००-०००० पासून सुरू होते. तिथे अनसाइन्ड लाँग ३२ चा आणि फिज_ॲड्रेस_टी ६४ चा. म्हणजे पत्ता अनसाइन्ड लाँगमध्ये ठेवला की झालं पोर्टेबल, हा जो समज आहे तो तिथे आपटतो. उलट बाजूने रास्पबेरी पाय ४ बघा, सीपीयू ६४ बिट, रॅम ८ जीबीपर्यंत मिळते, पण त्यातल्या जुन्या पेरिफेरल्सना पहिला १ जीबीच दिसतो. हार्डवेअरची पोच खरंच कमी असेल तर त्याला उपाय मास्क आहे, कर्नलला खरं सांगा की माझं डिव्हाइस एवढंच बघू शकतं, तो खालची मेमरी देईल नाहीतर मधे बाउन्स बफर लावून कॉपी करेल, थोडं हळू होईल पण डेटा योग्य जागी पोचेल.

पॉइंटर कास्टवर परत येते कारण तीच खरी वाळवी आहे (ही तुलना नाही, रागच आहे). रजिस्टर वाचणाऱ्या रेगमॅप_रीड ला अनसाइन्ड इंटचा पॉइंटर लागतो. रजिस्टर ८ बिटचं आहे म्हणून व्हेरिएबल यू८ आणि पॉइंटर कास्ट केला, तर १ बाइटच्या जागेत ४ बाइट लिहिले जातात, स्टॅकवरच्या शेजाऱ्यांची वाट. यात ३२ आणि ६४ चा प्रश्नच नाही, हा सगळीकडेच बग आहे, फक्त जुन्या कंपायलरने व्हेरिएबल अशा ठिकाणी ठेवलेलं की शेजारी पॅडिंग होतं. डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डावरच्या हार्डवेअरचं कर्नलला दिलेलं वर्णन) वाचताना उलटं, ऑफ_प्रॉपर्टी_रीड_यू३२ ला अनसाइन्ड लाँगचा पत्ता कास्ट करून दिलेला. ६४ बिटवर ८ पैकी ४ बाइटच भरतात, वरच्या अर्ध्यात आधीचा जो काय कचरा असेल तो तसाच. बिग एंडियन मशीनवर (जिथे वरचा बाइट आधी येतो) तर आकडा वरच्या अर्ध्यातच जाऊन बसतो. फिक्स दोन्हीकडे एकच आणि अगदी कंटाळवाणा, फंक्शनला जो टाइप हवाय त्याच टाइपचं लोकल व्हेरिएबल घ्यायचं, एरर तपासायची, मग आपल्या फील्डमध्ये असाइन करायचं. तीन ओळी जास्त होतात, होऊ देत.

सेट_बिट वगैरे मंडळींची गोष्ट यापुढची. लिनक्सची बिटमॅप फंक्शन्स अनसाइन्ड लाँगवर चालतात, कायम. आमच्याकडे पेंडिंग इंटरप्टचा मास्क यू३२ होता आणि सेट_बिटला तो कास्ट करून दिलेला. ३२ बिटवर काही फरक नाही. ६४ बिट आर्मवर सेट_बिट ८ बाइटचं ॲटॉमिक ऑपरेशन करतं, आणि एक्स्क्लुझिव्ह लोडला पत्ता ८ ने भाग जाणारा लागतो. फील्ड स्ट्रक्चरमध्ये ४ च्या ऑफसेटला आलं की सरळ अलाइनमेंट फॉल्ट. मी म्हणेन फॉल्ट आला तर नशीबच, कारण फील्ड ८ च्या ऑफसेटला असतं तर काहीच न दिसता चाललं असतं आणि पुढे कुणीतरी बिटमॅप_झिरो मारलं असतं, जे छोट्या बिटमॅपलाही पूर्ण लाँगभर शून्य लिहितं, म्हणजे शेजारचं फील्ड साफ. इथे डिक्लेअर_बिटमॅप वापरायचं, आणि हार्डवेअरचा ३२ बिट मास्क आधी अनसाइन्ड लाँगच्या लोकलमध्ये कॉपी करून मग त्यावर फॉर_ईच_सेट_बिट फिरवायचं. आकडा हार्डवेअरचा, काम करताना कर्नलचा, मधे उघडपणे एक कॉपी, जी वाचणाऱ्याला दिसते.

टेम्परेचरचा बग मला वाटतं बऱ्याच जणांनी पाहिला असेल. सेन्सर ८ बिटात अधिक उणे डिग्री देतो, व्हेरिएबल कॅर. एक्स८६ वर साधा कॅर साइन्ड, आर्म लिनक्सवर अनसाइन्ड. उणे ५ डिग्रीचे होतात २५१. पुण्यात कार्ड टेबलावर ठेवून कोण उणे ५ बघणार, क्लायमॅटिक चेंबरमध्ये टाकलं की मग ओव्हरहीट अलार्म वाजतो, थंडीत! कर्नलने ६.२ पासून, म्हणजे २०२३ च्या सुरुवातीपासून, सगळ्या आर्किटेक्चरवर कॅर अनसाइन्डच करून टाकलाय, फार बरं झालं, पण त्यामुळे जे ड्रायव्हर एक्स८६ वर साइन्ड धरून बसले होते ते उघडे पडले. चिन्ह असलेला ८ बिट आकडा असेल तर एस८ लिहा. १२ बिट असेल तर साइन_एक्स्टेंड३२ ला ११ द्या, म्हणजे चिन्हाचा बिट कुठला ते. हाताने शिफ्ट करून उणे काढायचे खेळ करू नका.

शिफ्टवरून आठवलं. यू८ चा बाइट २४ ने डावीकडे सरकवून ६४ बिट आकड्यात मिळवायचा, ही ओळ जगातल्या प्रत्येक ड्रायव्हरमध्ये असते. यू८ आधी इंट होतो, साइन्ड इंट, बाइटचा वरचा बिट १ असेल तर तो चिन्हाच्या जागी जातो, आणि ६४ ला रुंद होताना वरचे सगळे ३२ बिट एकने भरतात. आधी यू३२ करून मग शिफ्ट, नाहीतर सरळ गेट_अनअलाइन्ड_एलई३२. आणि याच्या अगदी विरुद्ध टोकाला, यू६४ व्हेरिएबलमधला एक बिट पुसायला बिट मॅक्रोचा उलटा मास्क लावला तर ३२ बिट मशीनवर मास्क ३२ चाच बनतो आणि त्या एका बिटाबरोबर वरचे सगळे ३२ पुसले जातात. म्हणून यू६४ असेल तिथे बिट_यूएलएल. आम्ही ६४ वर चाललोय म्हणून हा बग आम्हाला चावणार नव्हता, तरी मी दुरुस्त केला, कारण कोड काय एकाच दिशेने प्रवास करत नाही.

प्रिंटके मधल्या फॉरमॅटबद्दल फार लिहीत नाही. साइझला झेडयू, डीएमए पत्त्याला पीएडी आणि तोही पॉइंटरने द्यायचा, यू६४ ला एलएलएक्स. चुकलं तर लॉगमध्ये चुकीचे आकडे येतात, आणि आधीच डीबग करत असताना लॉगने खोटं सांगणं याच्याइतकं वेळ खाणारं दुसरं काही नाही. ६४ बिट भागाकार ३२ बिट आर्मवर केला की लिंकर यूएलडिव्हमॉड सापडत नाही म्हणून ओरडतो, तिथे डिव्ह_यू६४. आणि एररचे आकडे अनसाइन्डमध्ये ठेवू नका. पीसीआय_अलॉक_आयआरक्यू_व्हेक्टर्स ने उणे २८ परत दिला आणि तो अनसाइन्ड इंटमध्ये गेला तर ते होतात ४२९४९६७२६८ व्हेक्टर, शून्यापेक्षा लहान आहे का ही तपासणी कधीच खरी होत नाही आणि प्रोब (डिव्हाइस सुरू करणारं फंक्शन) पुढे चालू राहतो.

आता आयओसीटीएल, जिथे आपल्याला कोड बदलून सुटका नसते. ग्राहकाचं ॲप्लिकेशन ३२ बिट बायनरी आहे, ते पुन्हा कंपाइल होणार नाही, जसं आहे तसं ६४ बिट कर्नलवर चालायला हवं. त्याच्या स्ट्रक्चरमध्ये होतं काय, एक लाँग टाइमस्टॅम्प, एक बफरचा पॉइंटर, एक ३२ बिट लांबी. ३२ बिटवर १२ बाइट, ६४ बिटवर २४, कारण शेवटी ४ बाइट पॅडिंग. आयओसीटीएलच्या नंबरमध्ये स्ट्रक्चरचा साइझ १४ बिटांत भरलेला असतो, त्यामुळे दोन्हीकडे नंबरच वेगळा. ॲप्लिकेशनला मिळतं ईनॉटटीटीवाय, म्हणजे हे डिव्हाइस असलं काही समजत नाही. लोक मग डिव्हाइस नोडच्या परमिशन तपासत बसतात.

यावर मी नवीन स्ट्रक्चर केलं, सगळं ठरलेल्या रुंदीचं. पॉइंटरसाठी यू६४ आणि कर्नलमध्ये यू६४_टू_यूझर_पीटीआर. पॅडिंग आपलं आपण नाव देऊन लिहिलेलं आणि ते शून्य नसेल तर ईइन्व्हॅल, म्हणजे पुढे कधी ती जागा वापरता येईल. पॅडिंग कंपायलरवर सोडलं तर आणखी एक धोका, स्टॅकवरचं स्ट्रक्चर कॉपी_टू_यूझर होताना त्या न भरलेल्या बाइटांमधून कर्नलची मेमरी बाहेर जाते. टाइमस्टॅम्प नॅनोसेकंदांत, ६४ बिट. जुना ३२ बिट लाँगमधला सेकंदांचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला संपणार होता, आणि हे कार्ड ज्या मशीनमध्ये बसतं ती मशीन पंधरा वीस वर्षं आरामात चालतात, म्हणजे ती तारीख कुणाच्या तरी शिफ्टमध्ये खरोखर येणार आहे. कर्नलने ५.६ मध्ये, २०२० साली, ३२ बिट सिस्टिमसाठी आपली बाजू निस्तरली, पण ड्रायव्हरने स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये जे लाँग ठेवलेत ते दुसरं कुणी येऊन बदलणार नाही.

एक सापळा खास एक्स८६ वाल्यांसाठी. ३२ बिट फील्ड आणि त्यामागे ६४ बिट फील्ड असं स्ट्रक्चर ३२ बिट एक्स८६ वर १२ बाइट होतं, कारण तिथे ६४ बिट आकडा ४ वर अलाइन होतो, आणि ६४ बिट एक्स८६ वर १६. आर्मवर दोन्हीकडे १६. म्हणजे सगळ्या फील्डची रुंदी ठरवूनसुद्धा, आर्मवर ३२ बिट बायनरी ६४ बिट कर्नलवर चालवून टेस्ट पास करूनसुद्धा, एक्स८६ वर फुटू शकतं. फील्ड मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि एकूण साइझ ८ च्या पटीत आणा, आणि बिल्डमध्येच साइझची स्टॅटिक असर्ट टाका, मग हे प्रकरण राहत नाही.

हे सगळं नुसत्या डोळ्यांनी सापडलं असं नाही. स्पार्स हे टूल २००३ मध्ये टोरवाल्ड्स यांनी सुरू केलं, ते एलई३२ आणि साधा यू३२ मिसळला की लगेच दाखवतं, मेकला सी=१ दिलं की झालं. स्मॅच अनसाइन्डवाल्या कधीच खऱ्या न होणाऱ्या तपासण्या शोधतो. केसॅन (चुकीच्या जागी होणारे मेमरीतले व्यवहार पकडणारी कर्नलची सोय) चालू ठेवून कर्नल बिल्ड केला की पॉइंटर कास्टचे बरेच घोटाळे पहिल्याच रनमध्ये पकडले जातात. आणि माझं ऐकाल तर ज्या मशीनवर तुम्हाला चालवायचंच नाही त्यांच्यासाठीही कंपाइल करा. के-कॉन्फिगमध्ये कंपाइल_टेस्ट जोडा, मग ३२ बिट एक्स८६, बिग एंडियन पॉवरपीसी, ६४ बिट आर्म, प्रत्येकजण वेगळ्या गोष्टीवर तक्रार करतो आणि प्रत्येक तक्रारीत काहीतरी तथ्य असतं.

टीममध्ये आता रिव्ह्यूचा एक नियम केलाय. कास्ट दिसला की लिहिणाऱ्याने कमिट मेसेजमध्ये सांगायचं की आकडा कुणाचा होता आणि कुणाचा झाला. नवीन मुलं सुरुवातीला वैतागतात, वॉर्निंग तर गेली ना मॅडम म्हणतात, पण दोनतीन पॅच लिहिल्यावर स्वतःच कास्ट काढायला लागतात कारण उत्तर लिहिता लिहिता लक्षात येतं की कास्ट लागतच नव्हता, डिक्लेरेशनच चुकलं होतं. आणि एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती, टाइप बदलताना शेजारचं इंडेंटेशन नीट करायचा मोह सोडायचा, नाहीतर सहा महिन्यांनी बायसेक्ट करणारा (बग कुठल्या पॅचने आला ते शोधणारा) माणूस शिव्या देतो.

जुना आयओसीटीएल नंबर मी काढलेला नाही. कम्पॅट_आयओसीटीएल मध्ये, म्हणजे ६४ बिट कर्नलवर ३२ बिट ॲप्लिकेशनच्या कमांड घेणाऱ्या फंक्शनमध्ये, त्याच्यासाठी कम्पॅट_यूलाँग_टी आणि कम्पॅट_यूपीटीआर_टी वापरून १२ बाइटचं जुनं स्ट्रक्चर तसंच्या तसं ठेवलंय, आत आलं की ते नव्या स्ट्रक्चरमध्ये भरलं जातं आणि पुढचा सगळा कोड एकच. आत्ता बाकी आहे ते बिग एंडियनवर प्रत्यक्ष चालवून बघणं. डिस्क्रिप्टरची फील्ड एलई३२ केलीत, स्पार्स गप्प आहे, क्यूएमू या एम्युलेटरमध्ये पॉवरपीसीवर ड्रायव्हर लोड होतो, पण कार्डाचं मॉडेल नसल्यामुळे डीएमए तिथे तपासता येत नाही, म्हणून सध्या एक छोटं खोटं डिव्हाइस क्यूएमूमध्ये लिहायला घेतलंय जे फक्त डिस्क्रिप्टर वाचून त्यातला पत्ता छापतं.